हप्ता आणि हंगाम

पंढरपुरात वर्षाला चार वाऱ्या भरतात. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. प्रदक्षिणा मार्गावर किंवा वाळवंटात पाटी मांडून बसणाऱ्या बाईचं अख्खं वर्ष या चार वाऱ्यांवर चालतं. त्यातही आषाढी सगळ्यात मोठी. कुंकू, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीच्या माळा, चुरमुरे, पोरांची खेळणी, जे काही विकायचं ते त्या आठ-दहा दिवसांत विकून घ्यायचं. बाकीच्या महिन्यांत दिवसाला शे-दीडशे सुटले तरी पुष्कळ.

मी या भागात बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम केलं. पंढरपूर, मंगळवेढ्याची काही गावं आणि सोलापूर शहरातल्या काही वस्त्या माझ्याकडे होत्या. गट बांधायचे, बायकांना बैठकीची सवय लावायची, नोंदवही लिहायला शिकवायचं आणि बँकेत त्यांच्यासोबत जायचं, हे माझं काम होतं. छोट्या कर्जानं बाईचा धंदा खरंच वाढतो का, असं मला अजूनही लोक विचारतात. काही जणांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असतं की अशा कर्जानं गरिबी हटते. काही जणांनी वाचलेलं असतं की अशा कर्जापायी घरं उद्ध्वस्त होतात. मी दोन्ही पाहिलं आहे. ते पाहून माझं एक मत पक्कं झालं. कर्ज किती मिळालं हा नंतरचा प्रश्न. हप्ता कधी सुरू होतो आणि कोणत्या दिवशी येतो, हे त्या धंद्याच्या हंगामाला जुळलं तर पाच हजारांतसुद्धा बाई वर येते. नाही जुळलं तर पन्नास हजार देऊनही ती खाली जाते.

भांडवल नसणं म्हणजे काय, ते आधी सांगते. कारण ज्याच्याकडे ते असतं त्याला हे लक्षात येत नाही.

आमच्या एका गटात कुंकवाच्या मावशी होत्या. आषाढीच्या आधी महिना-दीड महिना त्या ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलायच्या, तोही उधारीवर. पैसे वारी झाल्यावर द्यायचे. वहीत व्याज म्हणून एक पैसाही लिहिलेला नसायचा, त्यामुळे मावशींना वाटायचं की शेठ बिनव्याजी देतो. प्रत्यक्षात रोखीनं शंभराला मिळणारा माल उधारीत सव्वाशेला पडायचा. शिवाय माल निवडायची सोय नाही. शेठ देईल तो डबा उचलायचा. बुक्का जुना निघाला, माळेचे मणी तडकलेले निघाले, तरी बोलता येत नाही, कारण पुढच्या वारीला पुन्हा त्याच दारात जायचं असतं.

वारी नसलेल्या दिवसांत दुसरीच गोष्ट चालायची, ती म्हणजे रोजवारी. बाजारात एक माणूस फिरायचा. हातात नऊशे द्यायचा, वहीत हजार लिहायचा आणि शंभर दिवस रोज दहा रुपये घेऊन जायचा. बायका म्हणायच्या, शंभर दिवसांना शंभरच रुपये, त्यात काय! पण रोज परत देत गेल्यामुळे सरासरी साडेचारशे रुपयेच बाईच्या वापरात राहतात. साडेचारशेवर शंभर दिवसांत शंभर रुपये, म्हणजे वर्षाला शेकडा ऐंशीच्या आसपास जातं. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा बैठकीत एकदम शांतता झाली. तरीही त्या माणसाला मी नुसती नावं ठेवणार नाही. तो कागद मागत नव्हता, चकरा मारायला लावत नव्हता आणि रात्री पोरगं आजारी पडलं तर दार उघडत होता. त्याच्यापासून बाईला सोडवायचं तर इतकीच सोय आपल्यालाही द्यावी लागते, हे मी तिथंच शिकले.

मावशींच्या गटात बारा जणी होत्या. बचत महिन्याला पन्नास रुपये. महिन्याचे सहाशे जमायचे. वर्षभरात सात हजारांच्या पुढे रक्कम गेली. त्यातून आपसांत कर्ज द्यायचं, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. बाहेरच्याला हा दर जास्त वाटतो. पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि वर्षअखेरीला त्याच बायकांच्या नावावर जमा होतं.

ज्येष्ठ महिन्यात मावशींनी तीन हजार मागितले. हप्ता कसा ठेवायचा यावर चर्चा झाली. एक जण म्हणाली, दरमहा पाचशे. दुसरी लगेच म्हणाली, "आत्ता कुठनं देतील? त्यांच्या हातात पैसा एकादशीला येणार. काला होऊ दे, मग घ्या." गोपाळपूरला काला झाला की वारी संपते, दिंड्या परततात आणि पाटीवाल्यांचा हिशेब मोकळा होतो. बायकांनी ठराव लिहिला की, काला झाल्यावर दोन महिन्यांचं व्याज आणि मुद्दल एकदम. असा ठराव कुठल्याही कार्यालयाच्या छापील अर्जात बसला नसता. त्या बाराजणींना मात्र कुणाच्या घरी कधी पैसा येतो आणि कधी चूल थंड असते, हे तोंडपाठ होतं.

मावशी रोख पैसे घेऊन बाजारात गेल्या. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "ताई, रोखीनं गेलं की शेठ बसायला सांगतो, उधारीनं गेलं की दारात उभं करतो." तीन हजारांच्या मालावर उधारीत साडेसातशे जादा गेले असते. गटाला व्याज दिलं एकशेवीस. सहाशेतीस रुपये घरात राहिले. रक्कम लहान दिसते. पण त्या सहाशेतीस रुपयांचाच कार्तिकीला माल आला, आणि त्यावरची कमाई माघीच्या मालात गेली. पुढं काही वर्षांनी मावशी माळा स्वतः ओवून घ्यायला लागल्या, दोन शेजारणींना त्यांनी ते काम दिलं आणि पाटी जाऊन तिथं चाकाचा गाडा आला. त्यांचं सगळ्यात मोठं कर्ज वीस हजारांचं होतं. त्याहून जास्त त्यांनी कधी मागितलंच नाही.

गटाची स्वतःची पुंजी कमी पडायला लागली की बँकेकडे जायचं. नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांना जोडून पाहण्याचा प्रयोग केला, तिथून ही वाट उघडली. तारण न घेता, गटाची बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि हिशेबाच्या वह्या पाहून बँकेनं कर्ज द्यायचं. ही पंचसूत्री आमच्या बायका पाढ्यासारखी म्हणून दाखवायच्या. सुरुवातीला एका शाखेत साहेबांनी आमच्या वह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "सही कुणाची? हिला लिहिता येतं?" आमच्या अध्यक्षबाईंनी त्यांच्यासमोर अख्खं इतिवृत्त वाचून दाखवलं. त्या सात यत्ता शिकलेल्या होत्या. त्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच मोठा होता.

पुढं राज्यात 'उमेद' अभियान आलं, महिला गटांना तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज मिळू लागलं. पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट दराची नव्हती. कॅश क्रेडिटची होती. गटाला एक मर्यादा ठरवून द्यायची. त्या मर्यादेत लागेल तेव्हा पैसे उचलायचे, आले की भरायचे आणि जितके दिवस वापरले तितक्याच दिवसांचं व्याज द्यायचं. व्यापाऱ्यांना ही सोय पूर्वीपासून आहे. पाटीवाल्या बाईला ती मिळाली की तिचाही ज्येष्ठ आणि आषाढ बँकेच्या वहीत नीट बसतो. दुर्दैवानं अनेक शाखा गटांना अजूनही मुदतीचं कर्ज देणंच पसंत करतात. त्यात महिन्याचा हप्ता ठरलेला असतो आणि शाखेला वसुलीचा आकडा दर महिन्याला दाखवता येतो.

महिन्याचा हप्ता वाईटच असतो असं मात्र नाही. सोलापुरातली एक वहिनी आठवते. पूर्वी त्या विड्या वळायच्या. मान मोडायची, तंबाखूनं खोकला लागायचा. मग त्यांनी कडक भाकरी करायला घेतली. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आता सगळीकडे माहीत आहे. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पार कुरकुरीत करायची. नीट बांधून ठेवली तर पुष्कळ दिवस टिकते. ती रोज होते, रोज विकली जाते, म्हणजे तिच्यात पैसा रोज फिरतो. अशा धंद्याला आठवड्याचा हप्ता लावा नाहीतर महिन्याचा लावा, बाई तो देऊ शकते.

वहिनींची अडचण वेगळी होती आणि ती मला पुष्कळ उशिरा कळली. ज्वारी त्या आठवड्याला पाच-दहा किलो अशी किराणा दुकानातून घ्यायच्या. मंगळवेढ्याची मालदांडी फाल्गुन-चैत्रात शेतातून येते, तेव्हा स्वस्त असते. दिवाळीनंतर तिचा भाव चढतो. भाकरीचा दर मात्र गिऱ्हाईक चढू देत नाही. त्यामुळे पावसाळा संपला की त्यांची मेहनत तीच राहायची आणि सुटणारा पैसा कमी व्हायचा. गटातून त्यांनी कर्ज घेतलं ते भट्टीसाठी किंवा दुकानासाठी नाही, पोती भरून ज्वारी घेण्यासाठी. घराच्या एका कोपऱ्यात फळ्या टाकून त्यावर पोती रचली, मध्ये कडुनिंबाचा पाला घातला. त्या वर्षी पहिल्यांदा दिवाळीनंतरही त्यांच्या हातात पैसा राहिला. मग त्यांनी दोन मोठे तवे घेतले, वस्तीतल्या चार बायका थापायला लावल्या, अन्नसुरक्षेची नोंदणी केली, पाकिटावर पत्ता छापला आणि एसटीतून पुण्याला माल पाठवायला सुरुवात केली.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. तिच्यात 'शिशु' म्हणून ५० हजारांपर्यंतचं कर्ज होतं, तेही त्यांनी घेतलं आणि फेडलं. नंतर कुणीतरी त्यांना भाकरीचं यंत्र घ्या, दोन लाख देतो, असं सांगत आलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. "हातानं थापलेली आहे म्हणून माझी भाकरी घेतात. यंत्र आणलं तर ह्या चौघींना काय सांगू?" त्यांच्या या निर्णयाबद्दल मला फार आदर वाटतो. किती कर्ज आपल्याला पेलणार नाही हे ज्या बाईला कळतं, तिचाच धंदा टिकलेला मी पाहिला.

आता म्हशीची गोष्ट सांगते. ही सांगायला मला जड जातं.

आमच्या भागातली पंढरपुरी म्हैस प्रसिद्ध आहे, लांब तलवारीसारख्या शिंगांची. मंगळवेढ्याकडच्या एका गावात एक वहिनी होती, आमच्या गटात नव्हती. तिनं छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीकडून म्हशीसाठी कर्ज घेतलं. पाच बायकांनी एकमेकींना जामीन राहायचं आणि कर्ज उचलल्याच्या पुढच्याच आठवड्यापासून दर आठवड्याला हप्ता द्यायचा, असा त्यांचा नियम होता. म्हैस नुकतीच व्यालेली होती, दूध चांगलं होतं. पहिला घोळ इथंच झाला की, दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं आणि हप्ता सात दिवसांनी. ती दर वेळी शेजारणीकडून दोन-तीन दिवसांसाठी हातउसने घ्यायची आणि बिल आलं की परत करायची. तेही निभावलं. पण म्हैस आठ-नऊ महिन्यांनी आटते. पुढं काही महिने ती भाकड असते. चारा, पेंड सगळं लागतं, दूध मात्र नाही. हप्ता काही आटत नाही.

तो हप्ता भरायला तिनं दुसऱ्या कंपनीकडून कर्ज काढलं. त्याचेही हप्ते सुरू झाले. एका आठवड्यात दोन्ही चुकले तेव्हा बाकीच्या चौघी तिच्या दारात येऊन बसल्या, कारण तिचा हप्ता भरल्याशिवाय कंपनीचा साहेब उठणार नव्हता आणि त्यांची मजुरी बुडत होती. लहानपणापासूनच्या मैत्रिणी त्या. शेवटी तिनं म्हैस विकली, तीही गाभण असताना. दोन-तीन महिने थांबता आलं असतं तर ती व्याली असती, दूध आलं असतं आणि कर्ज फिटलं असतं.

त्याच गावात आमच्या गटातल्या दुसऱ्या एका बाईनं म्हैस घेतली. गटानं ठरवलं की, दुधाचं बिल आलं की हप्ता, आणि भाकड महिन्यांत फक्त व्याज. दोन वर्षांनी तिनं दुसरी म्हैस घेतली ती मुद्दाम अशा वेळी की, एक आटली की दुसरी दुभती असावी. म्हैस तीच, गाव तेच, दुधाचा भाव तोच. फरक फक्त हप्त्याच्या तारखेत होता.

आठवड्याचा हप्ता आला कुठून, हे मी नंतर समजून घेतलं. बांगलादेशात १९७६ मध्ये मोहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात काम सुरू केलं. ४२ जणांना मिळून त्यांनी सुरुवातीला सत्तावीस डॉलर दिले होते. त्यातल्या काही बायका बांबूची स्टुलं विणायच्या, सावकाराकडून बांबू घ्यायच्या आणि स्टूल त्यालाच विकायच्या. रोज विणायचं, रोज विकायचं. पुढं ग्रामीण बँक झाली, पाच जणींचा गट आणि वर्षभरात पन्नास साप्ताहिक हप्ते ही तिची ओळख ठरली, २००६ मध्ये त्यांना शांततेचं नोबेलही मिळालं. रोज पैसा येणाऱ्या बाईला तो हप्ता सोसत होता. आपल्याकडच्या कंपन्यांनी तीच चौकट उचलली आणि म्हशीलाही लावली, शेळीलाही लावली, डाळिंबाच्या बागेलाही लावली. ग्रामीण बँकेनं स्वतः पुढं आपले नियम सैल केले. इकडं ते पुष्कळ वर्षं तसेच राहिले.

एका प्रशिक्षणात आम्हाला दोन अभ्यास समजावून सांगितले होते. एक हैदराबादचा, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्यांत आधी कर्ज पोहोचवलं आणि मग तुलना केली. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात जास्त पैसा घातला. पण सरसकट सगळ्या घरांचं राहणीमान वाढलं असं दिसलं नाही. माझ्या वस्त्यांतही असंच होतं. गटातलं निम्मं कर्ज दवाखाना, शाळेची फी आणि लग्नकार्यातच जायचं. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. त्या बाईला तेवढ्यासाठी सावकाराच्या पायरीवर जावं लागलं नाही. पण त्याला धंद्याची वाढ म्हणता येत नाही, एवढंच.

दुसरा अभ्यास कोलकात्याचा. काही बायकांना पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी लावला आणि काहींना दोन महिन्यांनी. दोन महिने मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढं त्यांचा नफाही वाढलेला दिसला. मात्र त्यांच्यात थकबाकीही जास्त होती. म्हणजे देणाऱ्याची भीती अगदीच खोटी नाही. सवलत दिली की काही पैसे अडकतात. गटाला ती भीती कमी वाटते, कारण बाई खरंच अडचणीत आहे की टाळते आहे, हे गटाला दिसत असतं.

कंपन्यांनी चांगलं काही केलंच नाही असं म्हटलं तर ते अन्यायाचं होईल. जिथं बँक पोहोचत नव्हती तिथं त्यांची पोरं मोटरसायकलवर पोहोचली. बाईच्या नावावर, तिच्या सहीनं पैसा दिला. भाजीवाली, इडलीवाली, शिलाईवाली अशा रोजच्या कमाईच्या बायकांना त्याचा खरा उपयोग झाला. माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. एक म्हणजे एकीला तीन-तीन, चार-चार ठिकाणांहून कर्ज देत जाणं. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये त्याचा स्फोट झाला, राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि त्यानंतर या कंपन्यांचा प्रश्न तपासायला मालेगम समिती नेमली गेली. दुसरी तक्रार व्याज सांगण्याच्या पद्धतीची. एका बाईला वीस हजारांवर सरसकट बारा टक्के सांगितलं होतं. वर्षाचे दोन हजार चारशे, बारा हप्त्यांत वाटून. पण दर महिन्याला मुद्दल परत जात असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या वीस हजारांवरच लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर तोच दर जवळजवळ साडेएकवीस टक्के होतो. बाईला आकडा कळू नये म्हणूनच तसा सांगितला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हंगाम बुडतो तेव्हा काय होतं, ते आम्ही दोनदा पाहिलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात कार्तिकी होती. वारकरी आले, पण त्यांच्या हातातल्या पाचशेच्या नोटा कुणी घेईना आणि सुटे कुणाकडे नव्हते. माल तसाच उरला.

दुसरी वेळ २०२० ची. आधी चैत्री बुडाली आणि मग १ जुलैची आषाढी. पादुका एसटीनं आल्या, दिंड्या नाहीत, वाळवंट रिकामं. २०२१ ला पुन्हा तेच. ज्या गावाची कमाई चार वाऱ्यांवर, त्या गावाच्या बायकांनी दोन वर्षं काय खाल्लं असेल! रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची मुभा दिली होती. पण हप्ता थांबला तरी व्याज चालू होतं, हे पुष्कळ जणींना शेवटी कळलं. आमच्या गटांनी त्या काळात बैठका फोनवर घेतल्या, आपसातल्या कर्जाचं व्याज ठराव करून थांबवलं आणि पेटीतले पैसे धान्यासाठी वाटले. कुठल्याही कर्ज योजनेपेक्षा त्या वेळी स्वतःची बचत कामाला आली. म्हणून मी आजही नव्या गटाला सांगते की, आधी बचत, मग कर्ज.

पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. तारण नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा दहा हजार मिळायचे, वेळेवर फेडले तर वीस, मग पन्नास. व्याजात सात टक्के सवलत. नगरपालिकेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागायचं आणि तिथंच अनेक जणी अडल्या, कारण वारीपुरत्या बसणाऱ्या बाईचं नाव सर्वेक्षणात नसायचं. ज्यांना मिळालं त्यांनी त्यातून २०२२ च्या आषाढीचा माल भरला. त्या वर्षी वारी पुन्हा पूर्ण भरली. कुंकवाच्या मावशींनी मात्र ते कर्ज घेतलं नाही. त्यांनी गटातून पाच हजार घेतले आणि काल्यानंतर फेडले.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नवे नियम लागू झाले आहेत आणि गावात ते जवळजवळ कुणालाच माहीत नाहीत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज या नियमांत येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. खरा व्याजदर आणि सगळे आकार बाईला कळेल अशा भाषेत, एका कागदावर लिहून द्यायचे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी यायचं नाही, फोनही करायचा नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम असं आहे की, कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा कालावधी ठेवण्याची सोय प्रत्येक संस्थेनं आपल्या धोरणात केली पाहिजे.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारात, कामावर येणाऱ्या मावशींच्या वस्तीत कुणी बाई असं कर्ज काढत असेल, तर सही करण्याआधी तिच्याबरोबर बसा. धंद्यात पैसा कोणत्या महिन्यात येतो, कोणत्या महिन्यात येत नाही, ते एका कागदावर लिहा. तो कागद घेऊन साहेबाला विचारा की, हप्ता या महिन्यांप्रमाणे लावता येईल का. दुधाचं बिल दहा दिवसांनी असेल तर दहा दिवसांनी मागा. आषाढीचा माल असेल तर काल्यानंतरचा मागा. नाही म्हणाला तर तुमच्या संस्थेचं हप्त्यांचं धोरण दाखवा असं सांगा आणि तरीही जमलं नाही तर ते कर्ज घेऊ नका. आधीच घेतलेलं असेल आणि वारीत चार पैसे जास्त सुटले, तर ते मुदतीआधी फेडून टाका. त्यासाठी दंड घेता येत नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे.